सरासरीच्या कानाला ऐकू न येणारा आवाज

विमानतळाचा विस्तार करावयाचा ठरला की आजकाल प्रथम एक जाडजूड अहवाल तयार होतो. त्यात रंगीत नकाशे असतात, धावपट्टीभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखी एकाबाहेर एक वलये काढलेली असतात, आणि अखेरच्या प्रकरणात 'परिणाम लक्षणीय नाही' असे एक वाक्य असते. हे वाक्य संगणकाने दिले आहे असे सांगितले की सभेतली माणसे गप्प बसतात. मंत्र्याशी भांडता येते, कंत्राटदाराशी भांडता येते. यंत्राशी कोण भांडणार? वस्तुतः ही शरणागती अनाठायी आहे. उत्तर संगणक देतो हे खरे. पण प्रश्न माणूसच घालतो, आणि तो कसा घातला यावर अर्धा निकाल आधीच लागलेला असतो.

या कामासाठी जगात ज्या प्रणाली वापरल्या जातात त्यांत अमेरिकेच्या संघीय विमान प्रशासनाची 'एव्हिएशन एन्व्हायरन्मेंटल डिझाइन टूल' अर्थात 'एईडीटी' ही प्रमुख होय. १९७८ पासून चालत आलेले ध्वनीचे जुने प्रतिमान आणि धुराच्या हिशेबाची स्वतंत्र प्रणाली या दोहोंची जागा २०१५ साली तिने घेतली. एकाच अभ्यासात गोंगाट, इंधन आणि वायुप्रदूषण यांचा हिशेब मांडण्याची सोय झाली, ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु अभ्यास उभा कसा होतो हे पाहिले पाहिजे. प्रथम विमानतळ निवडावयाचा, धावपट्टीची टोके आणि भूभागाची उंची भरावयाची. मग हवामान. मग विमानांची यादी: कोणते विमान, त्याला कोणते इंजिन. मग आकाशातले मार्ग, आणि प्रत्येक मार्गावर दिवसा किती व रात्री किती विमाने. शेवटी जमिनीवरचे ते बिंदू, जेथे आवाज किती पोहोचला याचे गणित व्हावयाचे आहे. हे सारे भरून झाल्यावरच यंत्र कामाला लागते.

यातील प्रत्येक रकाना म्हणजे एक निर्णय आहे. उड्डाण करणाऱ्या विमानाचे वजन प्रत्यक्ष माहीत नसेल तर ते किती लांब जाणार यावरून प्रणाली त्याचा अंदाज बांधते. लांब जाणाऱ्या विमानात इंधन अधिक, म्हणून ते जड. जड विमान सावकाश वर चढते आणि वस्तीवरून खालून जाते. त्या रकान्यात जवळचा पल्ला भरला की कागदावरचे विमान हलके होऊन चटकन उंच जाते आणि वलय आपोआप आक्रसते. मार्गांचेही तसेच. प्रत्यक्षात विमाने एका रेषेवरून जात नाहीत. ती दोन्ही अंगांना पसरतात. हा पसारा दाखवला नाही तर ज्यांच्या छपरावरून विमाने रोज जातात त्यांची घरे नकाशात शांत दिसतात. बिंदूंना लोकसंख्या जोडताना २०११ च्या जनगणनेचे आकडे घेतले, तर त्यानंतर वाढलेली वस्ती हिशेबात येतच नाही. यात कोणी लबाडी केली असे म्हणण्याचे कारण नाही. अपुरी माहिती प्रामाणिकपणे भरली तरीही परिणाम तोच होतो, आणि चूक बहुधा दुबळ्याच्याच अंगावर पडते.

त्याहून मोठा प्रश्न सरासरीचा आहे. अमेरिकेत जे माप निर्णायक मानतात ते वर्षातील 'सरासरी दिवसा'चे. चोवीस तासांतील साऱ्या ध्वनिऊर्जेची बेरीज करून ती दिवसभर पसरवली जाते. रात्री दहा ते सकाळी सातपर्यंतच्या विमानांच्या आवाजात १० डेसिबल अधिक धरले जातात, म्हणजे रात्रीचे एक विमान दिवसाच्या दहांइतके मोजले जाते. येथवर न्याय दिसतो. पण डेसिबलची मोजपट्टी गुणोत्तराची आहे. सारखाच आवाज करणारी विमाने दुप्पट झाली तर हा आकडा केवळ ३ डेसिबलने वाढतो. शंभर विमानांची दोनशे झाली हे दिवसाकाठी दोनशे वेळा बोलणे थांबवाव्या लागणाऱ्या शिक्षिकेला चांगलेच कळते. अहवालात मात्र ६० चे ६३ होतात. सरासरीला झोप नसते, म्हणून तिची झोप मोडतही नाही.

या गणिताचा पाडाव एकदा न्यायालयात झाला आहे. २०१४ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील फीनिक्स शहरावरचे उड्डाणमार्ग विमान प्रशासनाने बदलले. उपग्रहाधारित मार्गदर्शनामुळे विमाने ठरावीक अरुंद पट्ट्यातून जाऊ लागली आणि जुन्या वस्त्या व उद्याने त्या पट्ट्याखाली आली. प्रशासनाचे गणित सांगत होते की परिणाम लक्षणीय नाही. तक्रारींचा पाऊस पडला. शहर आणि रहिवासी न्यायालयात गेले, आणि २०१७ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने तो निर्णय मनमानी ठरवून रद्द केला. प्रशासनाने चर्चा केली होती ती विमानतळावरच्या कनिष्ठ कर्मचाऱ्यांशी. नागरिकांना विचारलेच नव्हते. २०१८ साली विमाने पूर्वीच्या मार्गांकडे परतली. हा निकाल संगणकाविरुद्ध नव्हता. संगणकाला पुढे करून माणसांना विचारण्याचे टाळणाऱ्यांविरुद्ध होता.

पुढे २०२१ साली त्याच प्रशासनाने वीस विमानतळांभोवतीच्या दहा हजारांहून अधिक रहिवाशांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सरासरी ६५ डेसिबल आवाजात सुमारे १२ टक्के लोक अतिशय त्रस्त होतात, असे जुना आलेख सांगत होता. नव्या पाहणीत हे प्रमाण साठ टक्क्यांच्या वर गेले. ज्या रेषेच्या बाहेर 'त्रास नाही' असे अनेक वर्षे सांगितले जात होते, ती रेषाच चुकीच्या ठिकाणी ओढलेली होती.

धुराच्या हिशेबातही हीच गत. जागतिक प्रघातानुसार विमानाच्या उतरण्या-उडण्याचे एक प्रमाणित चक्र धरतात: उड्डाणास ०.७ मिनिट, चढण्यास २.२, उतरण्यास ४ आणि जमिनीवर चालण्यास २६ मिनिटे. स्थानिक मोजणी साधारणतः ३,००० फुटांपर्यंत होते. रांगेत तिष्ठणारे विमान २६ मिनिटांहून अधिक काळ इंजिन चालू ठेवते. आकाशात घिरट्या घालणारे विमान बहुधा त्या मर्यादेच्या वर असते. प्रणालीत खरा वेळ भरता येतो. तो भरला की नाही हे विचारावे लागते. शिवाय अतिसूक्ष्म कणांची संख्या ठराविक प्रदूषकांच्या यादीत सहसा नसतेच. लॉस एंजेलिस विमानतळाच्या वाऱ्याखालच्या दिशेला दहा मैलांपर्यंत या कणांची संख्या दुप्पट झाल्याचे संशोधकांनी २०१४ साली दाखवून दिले. ज्याची मोजणीच नाही त्याचा परिणाम शून्य, हे अहवालाचे तर्कशास्त्र असू शकते, फुफ्फुसाचे नव्हे.

मुंबईकराला हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. सहारच्या विमानतळावर २०१८ साली एका दिवसात एक हजाराहून अधिक विमानांची ये-जा झाली. पश्चिमेचा वारा असताना उतरणारी विमाने घाटकोपर-कुर्ल्यावरून येतात, आणि तिथल्या चाळी-झोपड्यांत राहणारी माणसे आवाजासह आपला दिवस काढतात. २०२५ च्या अखेरीस नवी मुंबईच्या विमानतळावरून वाहतूक सुरू झाली. आता उलवे-पनवेलचे आकाशही वाटले जाईल. आपल्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. २०१८ च्या अधिसूचनेने गजबजलेल्या विमानतळांच्या ध्वनिक्षेत्रासाठी मात्र ती दिवसा ७० आणि रात्री ६५ अशी ठेवली. म्हणजे ध्वनिक्षेत्राची रेषा ज्या घरावरून जाईल, त्या घराच्या झोपेची किंमत रेषेबरोबर बदलते. ती रेषा प्रतिमानातून येते. श्रीमंताच्या खिडकीला दुहेरी काच लागते. पत्र्याच्या घराला कोणती काच लावावयाची?

यावर असा आक्षेप येईल की प्रतिमान नाकारले तर मोजमाप कशाने करावयाचे? आक्षेप रास्त आहे. अजून न उडालेल्या विमानाचा आवाज कोणत्याही यंत्राने प्रत्यक्ष मोजता येत नाही. त्याचा अंदाज गणितानेच बांधावा लागतो. विमानतळावर हजारो कामगारांचे पोट आहे, हेही विसरून चालणार नाही. म्हणून प्रतिमान फेकून देण्याची भाषा चुकीची ठरेल. तेच प्रतिमान लोकांच्या हाती आले तर ते लोकांचेही साधन होते: रात्रीची विमाने निम्मी केली तर काय होईल, मार्ग खाडीवरून नेला तर किती घरे वाचतील, हे प्रश्न त्याच यंत्राला घालता येतात. मागणी हवी ती एवढीच की भरलेली माहिती उघडी असावी.

तेव्हा कार्यकर्त्यांनी वलयांच्या नकाशावर वाद घालीत बसू नये. त्यामागची माहिती मागावी. पर्यावरण-परिणामांच्या २००६ च्या अधिसूचनेत जनसुनावणीची आणि स्थानिक भाषेतील सारांशाची तरतूद आहे, आणि माहितीचा अधिकार २००५ पासून कायद्यात आहे. विमानांची यादी कोणत्या वर्षाची? रात्रीची विमाने किती धरली? मार्गांचा पसारा दाखवला का? वजनाचा अंदाज कशावरून केला? जमिनीवरची मिनिटे मोजलेली की प्रमाणित? शाळा, रुग्णालये आणि वस्त्या बिंदूंच्या यादीत आहेत का? आणि सरासरीच्या जोडीला, दिवसाकाठी किती विमानांचा आवाज ठरावीक पातळीच्या वर जातो, हा साधा आकडा दिला आहे का? हे सात प्रश्न विचारावयास अभियंता असावे लागत नाही. मराठीत विचारावेत आणि उत्तरही मराठीत मागावे. ज्या दिवशी सुनावणीत कुर्ल्याची एखादी बाई उठून 'माझे घर तुमच्या यादीत कोणत्या बिंदूवर आहे?' असे विचारील, त्या दिवशी संगणकामागे लपलेल्या माणसाला पुढे येऊन उत्तर द्यावेच लागेल.