रक्ताची साक्ष आणि डॉक्टरांचा निवाडा

छातीत कळ आली की आपल्याकडे पहिले निदान घरातच होते, आणि ते बहुधा 'गॅस'चे असते. ओवा-सोडा घेऊन रात्र काढली जाते व सकाळी करमाळ्याहून, अक्कलकोटहून सोलापूरची वाट धरली जाते. रुग्णालयात पोचल्यावर मात्र आप्तांचे सारे लक्ष एका आकड्यावर खिळते. तो आकडा म्हणजे रक्तातील ट्रोपोनिन.

हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात उतरते. १९५४ साली ज्या एन्झाइमवरून झटक्याचा माग प्रथम घेता आला, ते यकृताच्या विकारातही वाढत असे. ट्रोपोनिन अधिक विश्वासू ठरले आणि २००० साली युरोपीय व अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञांनी झटक्याच्या व्याख्येत त्याला मध्यवर्ती स्थान दिले. पूर्वीच्या चाचणीसाठी कित्येक तास थांबावे लागे. आजची अतिसंवेदनशील चाचणी एक ते तीन तासांच्या अंतराने दोनदा केली असता बहुतेक रुग्णांचा उलगडा करते. हे विज्ञानाचे मोठेच उपकार होत.

परंतु बारीक कुजबुज ऐकणाऱ्या कानाला इतर आवाजही ऐकू येतात. मूत्रपिंडाचा जुना विकार, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, फुप्फुसात अडकलेली गुठळी यांतही हा आकडा चढतो. म्हणूनच २०१८ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येने 'स्नायूची इजा' आणि 'झटका' यांत भेद केला. झटका ठरण्यास आकड्यात चढउतार हवा आणि रक्तपुरवठा खुंटल्याचा लक्षणांतून, ईसीजीतून वा अन्य तपासणीतून पुरावाही हवा. एका चढ्या आकड्यावरून ॲन्जिओग्राफीची घाई करणे जितके गैर, तितकेच कळ सुरू झाल्यावर तासाभरात घेतलेल्या रक्तात काही आढळले नाही म्हणून रुग्णाला घरी धाडणे घातक आहे. ईसीजीत झटका उघड दिसत असता अहवालासाठी उपचार रोखणे तर अक्षम्यच.

तेव्हा तालुक्याच्या गावी केवळ यंत्र पोचवून भागणार नाही. रुग्ण येताच दहा मिनिटांत ईसीजी व्हावा. कळ केव्हा सुरू झाली व रक्त केव्हा घेतले, हे अहवालावर नोंदले जावे. दुसरा नमुना चुकू नये. स्त्री-पुरुषांच्या निराळ्या मर्यादा त्यावर छापाव्यात. रक्त साक्ष देते, निवाडा डॉक्टरांनी करावयाचा असतो. कळ सुरू झाल्याची वेळ सांगणे आणि सकाळची वाट न पाहणे, एवढे मात्र आपल्याच हाती आहे.