आधी पाणी मोजा

मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की सत्तरी तालुक्यातल्या पिसुर्लेसारख्या गावात शेतकरी आभाळाकडे कमी आणि वरच्या डंपाकडे जास्त बघतो. डंप म्हणजे खाणीतून काढलेल्या टाकाऊ मातीची रचलेली टेकडी. जोराच्या सरीत तिची कड सुटते, ओहोळ तांबडा होतो आणि भाताच्या खाचरात बोटभर गाळ येऊन बसतो. ओला असताना हा गाळ लोण्यासारखा लागतो. दोन दिवस ऊन पडले की तो सिमेंटसारखा आवळतो आणि रोपाचे मूळ आत घुसमटते. याच गावांत कितीतरी घरांपुढे, ताडपत्रीखाली, वर्षानुवर्षे न हललेला टिप्पर उभा असलेला दिसतो. बँकेचे कर्ज काढून घेतलेला. शेतही त्या घराचे आणि टिप्परही त्याच घराचा. गोव्याच्या खाणींवरचा वाद राजधानीत बसून ऐकला तर दोन पक्षांचा वाटतो. गावात तो एकाच ओसरीवर चालतो.

हा वाद आता पुन्हा तातडीचा झाला आहे. डिसेंबर 2022 मध्ये गोव्यात खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले आणि 2024 मध्ये डिचोलीच्या पट्ट्यात प्रत्यक्ष खोदकाम सुरू झाले. बाकीचे पट्टे रांगेत आहेत. अशा वेळी ‘खाण हवी की नको’ एवढाच प्रश्न विचारला तर उत्तरे ठरलेलीच मिळतील. म्हणून इतिहास आणि भूगोल दोन्ही समोर ठेवून हिशेब मांडायला हवा.

सह्याद्रीच्या पश्चिम उताराखाली डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि केपे असा गोव्याचा खाणप्रदेश पसरला आहे. पोर्तुगीज सरकारने 1906 च्या हुकुमान्वये इथे खाणकामाच्या सवलती द्यायला सुरुवात केली. त्या सवलतींना मुदतच नव्हती. खरा व्यापार मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर उभा राहिला. जपानच्या पोलाद कारखान्यांना लोहखनिज हवे होते. भारताने 1950 च्या दशकात गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली तेव्हा पोर्तुगीज राजवटीलाही परकीय चलनाचा हा झरा गरजेचा वाटला. कुदळ-पाटीने सुरू झालेले काम यंत्रांवर गेले. टिप्पर, बार्ज आणि मुरगाव बंदर अशी साखळी तयार झाली.

1961 मध्ये गोवा मुक्त झाला, पण त्या सवलती तशाच राहिल्या. संसदेने 1987 मध्ये कायदा करून त्या रद्द केल्या आणि त्यांचे खाणपट्ट्यांत रूपांतर केले. म्हणजे मुक्तीनंतर पंचवीस वर्षे गोव्याच्या डोंगरांवर पोर्तुगीज कागद चालत होता. या काळाची दुसरी बाजूही आहे. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर हे स्वतः खाणमालक होते आणि त्यांच्याच कारकिर्दीत खेड्यापाड्यांत मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. त्या शाळांत शिकलेल्या पिढ्यांना खाण म्हणजे केवळ उद्ध्वस्त डोंगर असे सांगितले तर ते पटणार नाही. घरावर कौले आली, मुलगा डिप्लोमा झाला, मुलीचे लग्न झाले, यामागे खाणीचा पैसा होता हे त्या पिढ्यांनी पाहिले आहे.

चीनच्या मागणीने मात्र सगळे प्रमाण बदलले. गोव्याचे खनिज तसे कमी प्रतीचे. पूर्वी जो माल डंपात जाई, त्यालाही 2000 नंतरच्या दशकात गिऱ्हाईक मिळू लागले. 2010-11 मध्ये निर्यात 5 कोटी टनांच्या वर गेली. सावर्डे-कुडचड्याच्या आणि उसगावच्या रस्त्यांवर टिप्परांची रांग संपेना. काजूच्या पानांवर, शाळेच्या बाकांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर तोच तांबडा थर दिसे. न्यायमूर्ती एम. बी. शाह आयोगाचा अहवाल सप्टेंबर 2012 मध्ये संसदेत आला. बेकायदा खाणकामाने झालेले नुकसान त्यात सुमारे 35 हजार कोटी रुपये धरले होते. हा आकडा वादग्रस्त ठरला आणि वसुली त्याच्या जवळपासही पोहोचली नाही. पण खाणी थांबल्या. एप्रिल 2014 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खाणपट्ट्यांची मुदत 2007 मध्येच संपली होती असे ठरवले, उत्खननावर वर्षाला 2 कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली आणि विक्रीच्या 10 टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत ठेवायला सांगितले. त्यानंतर राज्य सरकारने 88 पट्ट्यांचे नूतनीकरण केले. फेब्रुवारी 2018 मध्ये न्यायालयाने तेही रद्द केले आणि मार्चमध्ये खाणी पुन्हा बंद पडल्या.

हा कायद्याचा इतिहास झाला. डोंगराचा हिशेब वेगळा आहे.

इथे वर जांभ्याचे कवच असते आणि त्याखाली लोहखनिज. या खनिजाचा मोठा भाग कठीण दगडाचा नसून भुसभुशीत भुकटीचा आहे. पावसाचे पाणी जांभ्यातून झिरपते आणि याच भुकटीत साठून राहते. उन्हाळ्यात झरी जिवंत राहतात, कुळागरातल्या माडा-पोफळींना पाणी मिळते, वायंगण म्हणजे उन्हाळी भातशेती पिकते, ती या साठ्याच्या जिवावर. म्हणजे लोखंड आणि पाणी या डोंगरात शेजारी राहत नाहीत. ते एकाच खोलीत राहतात. खनिज काढायचे तर पाण्याचे भांडेच उचलून न्यावे लागते. खंदक भूजलाच्या पातळीखाली गेला की काम चालू ठेवण्यासाठी रात्रंदिवस पंप लावावे लागतात आणि आसपासच्या विहिरींचे पाणी त्या खंदकाकडे ओढले जाते.

डिचोली तालुक्यातले शिरगाव हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. लइराई देवीच्या जत्रेत अग्निदिव्य करणारे धोंड जिथे आधी तळीत न्हातात, तेच हे गाव. खाणींचे खंदक खोल गेले तसा गावातल्या विहिरींचा दोर लांबत गेला आणि शेवटी कळशीला चिखल लागला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. लिलावाच्या नव्या फेरीतही गावकऱ्यांची मागणी घरे, देवळे आणि तळी खाणपट्ट्याबाहेर काढा अशीच आहे. सत्तरीतल्या सोनशीच्या लोकांनी 2017 मध्ये धूळ आणि पाणीटंचाईला कंटाळून टिप्पर अडवले, तेव्हा त्यांना अटक झाली. सांग्याच्या बाजूला साळावली धरणाचे पाणलोट क्षेत्र खाणींना लागून आहे आणि दक्षिण गोव्याचा मोठा भाग त्या धरणाचे पाणी पितो. एका तालुक्याच्या खंदकाचा परिणाम दुसऱ्या तालुक्याच्या नळापर्यंत पोहोचू शकतो तो असा.

आता खाणीच्या बाजूने जे बोलले जाते तेही नीट ऐकले पाहिजे. पहिली गोष्ट, 2012 नंतर ज्यांचे उत्पन्न थांबले त्यांत खाणमालक थोडे होते. टिप्परवाले, बार्जवरचे खलाशी, गॅरेजवाले, चहाच्या गाड्यावाले आणि खाणीवरचे रोजंदार जास्त होते. सरकारला त्यांच्यासाठी कर्जमाफीच्या आणि अर्थसाहाय्याच्या योजना आणाव्या लागल्या. पर्यटनाने ही पोकळी भरली असती असे म्हणणाऱ्याने किनाऱ्यापासून सांग्यापर्यंत एकदा बसने जाऊन यावे. दुसरी गोष्ट, पोलाद सर्वांनाच लागते. आपल्या डोंगराला हात लावू नका पण पोलाद मात्र पाहिजे, म्हणजे तो खंदक झारखंड-ओडिशातल्या कोणाच्या तरी दारात ढकलणे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे: खाण बंद केल्याने डोंगर बरा होत नाही.

बंदीच्या वर्षांनी हे स्पष्ट दाखवले. पंप थांबले की खंदक भरतात. काही ठिकाणी ते पाणी उन्हाळ्यात शेतीला उपयोगी पडले, साखळीला बंदीच्या आधीच एका जुन्या खाणीवर झाडे लावून आणि खंदकात मासे सोडून जमीन पुन्हा वापरात आणण्याचा प्रयोगही झाला. पण ज्या डंपांचा कोणी धनी उरला नाही, ते दर पावसाळ्यात ओहोळात उतरत राहिले. ज्या डंपांवर अकेशियाची एकसुरी लागवड झाली, तिथे हिरवे दिसते पण जुने रान परतत नाही. सीमेपलीकडे सिंधुदुर्गात कळणे येथे 2021 च्या जुलैत खाणीचा बांध फुटून पाणी आणि चिखल वस्तीत शिरला. सोडून दिलेला किंवा अर्धवट सांभाळलेला खंदक हा झोपलेला शेजारी नसतो.

खाण बंद करण्याचा आराखडा कायद्याने सक्तीचा आहे आणि त्यासाठी हमीची रक्कमही घेतात. 2003 च्या सुमारास ती मोठ्या खाणींसाठी हेक्टरी 25 हजार रुपये होती, 2017 च्या नियमांत 3 लाख झाली. वाढ चांगलीच, पण मोजमापच चुकीचे आहे. हमी हेक्टरवर ठरते आणि नुकसान खोलीवर होते. एक हेक्टर उथळ खणलेली जमीन आणि तितकीच जमीन भूजलाखाली खोल खणलेली, दोघींची हमी सारखीच धरणे म्हणजे खरचटलेल्या पायाला आणि मोडलेल्या पायाला एकच बिल लावणे.

मग काय करावे? आमच्या मते गोव्यात खाणी सरसकट सुरू करणे चूक आहे आणि कायमच्या बंद करून मोकळे होणे ही सोयीस्कर पळवाट आहे. परवानगीचा क्रम उलटा करावा. आज आधी खनिजाचा साठा मोजतात, मग लिलाव होतो, मग गावाची जनसुनावणी आणि सर्वांत शेवटी पर्यावरण मंजुरी. त्याऐवजी प्रत्येक खाणपट्ट्यासाठी आधी पाण्याचा ताळेबंद व्हावा: झरी कुठून येते, विहिरींची पातळी चैत्र-वैशाखात किती असते, खंदक किती खोलीपर्यंत गेला तर ती ढळेल. ही मोजणी लिलाव घेणाऱ्या कंपनीने नेमलेल्या सल्लागाराकडून होऊ नये आणि तिचे आकडे ग्रामसभेत वाचले जावेत. भूजलाखाली जाणारा पट्टा असेल, तर पर्यायी पाणी प्रत्यक्ष नळात येईपर्यंत तिथे कुदळ पडू नये.

दुसरे, उत्पादनाची मर्यादा न्यायालयाच्या एका आकड्यावर न ठेवता रस्त्याच्या आणि नदीच्या कुवतीवर ठरावी. 2 कोटी टन ऐकायला माफक वाटतात. पण दहा टनांच्या टिप्परने वाहिले तर त्या 20 लाख खेपा होतात, पावसाळा सोडून आठ महिने धरले तर दिवसाला आठ हजारांच्या वर. शिवाय एक टन खनिजामागे अडीच ते तीन टन टाकाऊ माती निघते, म्हणजे दरवर्षी पाच-सहा कोटी टनांचे नवे डंप. हे कुठल्या गावाच्या डोक्यावर रचायचे, याचे उत्तर लिलावाच्या कागदात असायला हवे.

तिसरे, जुन्या डंपांतले खनिज आधी काढा असा सल्ला दोन्ही बाजूंकडून येतो आणि तो आकर्षक आहे, कारण नवा डोंगर फोडावा लागत नाही. इथेही सावधपणा हवा. ज्या डंपावर वीस-पंचवीस वर्षांत माती बसली, झाडे रुजली, तो उकरला तर खालच्या शेतात पुन्हा गाळ येईल. जे डंप आजही दर पावसाळ्यात घसरतात, त्यांनाच प्राधान्य द्यावे.

चौथे, पैसा. खनिज विकून येतो तो नफा नसतो, वडिलोपार्जित जमीन विकून आलेली ती रक्कम असते. घरातला शहाणा माणूस ती ठेवीत टाकतो आणि व्याजावर चालवतो. कायमस्वरूपी निधीची कल्पना हीच आहे. तिचा वाटा 10 टक्क्यांवर थांबू नये, आणि ज्या गावाचे पाणी गेले त्या गावाचा त्या व्याजावर पहिला हक्क असावा.

एवढ्या अटी घातल्या तर कमी प्रतीच्या या मालाचे गणितच बसणार नाही, असा आक्षेप येईल. काही पट्ट्यांबाबत तो खरा ठरेल. तिथे खनिज जमिनीतच राहू द्यावे. ते कुजत नाही, पुढच्या पिढीला त्याची किंमत कदाचित जास्त मिळेल. आणि जे गणित अटींसह बसते, तिथे टिप्परवाल्याला पोट भरता येईल आणि त्याच्याच शेतात गाळही कमी येईल.

शिरगावात किंवा पिसुर्लेत हे तपासायला मोठे यंत्र लागत नाही. लिलावाच्या आधीच्या वैशाखात गावातल्या प्रत्येक विहिरीचा दोर मोजून ग्रामपंचायतीच्या वहीत लिहावा. पाच वर्षांनी, त्याच महिन्यात, तोच दोर पुन्हा मोजावा. तो लांबला असेल तर खाण थांबवायची, असे करारात आधीच लिहिलेले असावे. या एका ओळीवर सही करायला जो तयार नाही, त्याला डोंगर देऊ नये.