चिठ्ठी मुलीच्या नावाची, पथ्य घराचे

'वजन कमी करा, गोड बंद करा, व्यायाम करा.' पाळी महिनोन्महिने लांबणाऱ्या मुलीच्या केसपेपरवर गोळ्यांच्या खाली ही ओळ बहुधा असतेच. सल्ला चुकीचा नाही. पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजेच पीसीओएस, या विकारात आहार आणि व्यायाम हाच उपचाराचा पाया आहे. पण तो कागद घेऊन मुलगी एसटीने पालम, सोनपेठ किंवा जिंतूर तालुक्यातल्या आपल्या गावी परतते, तेव्हा खरी अडचण सुरू होते. घरात कोणते धान्य, किती तेल आणि किती साखर यायची, हे ती ठरवत नाही. तिच्या ताटात वरण किती घट्ट पडेल, हेही नाही. पहाटे एकटीने रस्त्यावर चालायला जायचे, तर आधी चार जणांना विचारावे लागते. चिठ्ठीवर नाव तिचे असले, तरी पथ्य घराने पाळायचे असते. हे कोणी घराला सांगतच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील 10 ते 13 टक्के महिलांना हा विकार असतो आणि त्यातील 70 टक्क्यांपर्यंत महिलांचे निदानच झालेले नसते. निकषांनुसार आकडा बदलतो. मुंबईतील 15 ते 24 वर्षांच्या मुलींच्या 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका निकषाने हे प्रमाण 22.5 टक्के, तर त्याहून कडक निकषाने 10.7 टक्के आले. कोणताही आकडा धरला, तरी हा फक्त शहरातल्या श्रीमंत घरांचा आजार, ही समजूत सोडून द्यावी लागेल.

नावामुळेही गोंधळ होतो. 'अंडाशयात गाठी आहेत' असे ऐकले की घरात रडारड सुरू होते. प्रत्यक्षात सोनोग्राफीत दिसतात त्या पूर्ण न वाढलेल्या बीजांच्या लहान पिशव्या. त्या कर्करोगाच्या गाठी नव्हेत. अनियमित पाळी, चेहऱ्यावरील जादा केस किंवा तपासणीत वाढलेले पुरुषी संप्रेरक, यांचा विचार करून आणि थायरॉइडसारखी इतर कारणे वगळून डॉक्टर निदान करतात. पाळी सुरू झाल्यावर पहिल्या वर्षात ती मागेपुढे होणे स्वाभाविक असते. 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांपर्यंत या निदानासाठी सोनोग्राफीचा आधार घेऊ नये. त्यामुळे दहावी-बारावीच्या मुलीवर केवळ सोनोग्राफीच्या अहवालावरून शिक्का मारण्याची घाई नको.

मग ताटाचा आणि पाळीचा संबंध काय? या विकारात अनेकींच्या शरीरात इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. रक्तातील साखर आवरण्यासाठी शरीर आणखी इन्सुलिन तयार करते आणि ते वाढलेले इन्सुलिन अंडाशयाला जादा पुरुषी संप्रेरके बनवायला लावते. त्यातून बीज वेळेवर पक्व होत नाही, पाळी लांबते, मुरमे आणि केस वाढतात. पुढे मधुमेहाचा धोकाही राहतो. म्हणून आहार आणि व्यायाम हे रूप सुधारण्याचे उपाय नव्हेत, ते आजाराच्या मुळाशी जातात. वजन जास्त असेल, तर ते पाच ते दहा टक्क्यांनी उतरले तरी अनेकींची पाळी सुधारते. मात्र सडपातळ मुलींनाही पीसीओएस होतो. त्यांना 'वजन कमी कर' सांगून उपयोग नाही, आणि जाड मुलीला येताजाता टोमणे मारून तर मुळीच नाही. या विकारात नैराश्य आणि चिंता आधीच अधिक आढळतात.

कोणता आहार सर्वांत चांगला? याच मार्गदर्शक तत्त्वांचे उत्तर स्पष्ट आहे : कोणताही एक आहार दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेला नाही. सकस, भागेल असा आणि वर्षानुवर्षे चालवता येईल असा आहार हवा. म्हणजे मोबाइलवर विकल्या जाणाऱ्या महागड्या पावडरी आणि 'एकवीस दिवसांत पाळी नियमित' असे दावे यांची गरज नाही. उपाशी राहण्याचीही नाही.

परभणीसाठी ही चांगली बातमी आहे. इथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटच्या सहकार्याने विकसित केलेले ज्वारीचे 'परभणी शक्ती' हे वाण 2018 मध्ये प्रसारित झाले. त्यात किलोमागे सुमारे 45 मिलिग्रॅम लोह आणि 32 मिलिग्रॅम जस्त असते, नेहमीच्या वाणांपेक्षा बरेच अधिक. पण भाकरीलाही औषध समजू नये. भारतीयांच्या ऊर्जेपैकी सुमारे 62 टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते, असे आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत दिसले आहे. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांचा रोख असा, की पांढऱ्या भाताच्या जागी नुसते भरडधान्य आणून मधुमेहाचा धोका उतरत नाही. एकूण कर्बोदके घटवून डाळी आणि दूधदुभत्यातील प्रथिने वाढवावी लागतात.

सोप्या भाषेत, तीन भाकऱ्या आणि पातळ वरण या ताटाऐवजी एक-दीड भाकरी, वाटीभर घट्ट वरण किंवा मटकी-हरभऱ्याची उसळ, मेथी, शेपू किंवा अंबाडीची भाजी, काकडी आणि ताक. सोबत जवसाची किंवा शेंगदाण्याची चटणी. चालत असेल तर अंडे. यातले बरेचसे इथल्याच शिवारात पिकते. सोयाबीन तर जिल्ह्यात जिकडेतिकडे, पण ते मोंढ्यात जाते, ताटात क्वचितच येते. उलट ताटात आले आहे ते दिवसातून चार वेळा गोड चहा, त्यासोबत बिस्किटे किंवा खारी, आणि उपवासाच्या दिवशी साबुदाणा. उपवास सोडायला सांगण्याची गरज नाही. त्या दिवशी साबुदाणा कमी आणि दही, शेंगदाणे, फळ जास्त, एवढे तरी जमू शकते. मात्र ज्या घरात बायका शेवटी जेवतात, तिथे डाळ आणि भाजी त्यांच्यापर्यंत संपलेली असते आणि पोट भाकरी-भातावरच भरावे लागते. हे बदलले नाही, तर आहाराचा तक्ता भिंतीवरच राहील.

व्यायामाचेही तसेच. प्रौढ महिलेने आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रम, म्हणजे दम लागेल पण बोलता येईल इतके भरभर चालणे, किंवा 75 ते 150 मिनिटे जोराचा व्यायाम करावा. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम. किशोरवयीन मुलींना रोज तासभर हालचाल हवी. काम करणारा स्नायू रक्तातील साखर ओढून घेतो, म्हणून काट्यावर वजन तेवढेच दिसले, तरी फायदा होतो. कापूस वेचणाऱ्या, निंदणी-खुरपणी करणाऱ्या बाईचे श्रम यात मोजलेच पाहिजेत. पण ते हंगामापुरते असतात, आणि अभ्यासिकेत दिवसभर बसणाऱ्या तिच्या मुलीला तेही नसतात.

पोलीस भरतीच्या तयारीत मुली पहाटे मैदानावर 800 मीटर धावण्याचा सराव करतात आणि गाव त्यांचे कौतुक करते. नोकरीसाठी धावणे मान्य आहे, मग आरोग्यासाठी चालणाऱ्या मुलीकडे वाकडी नजर का? उन्हाळ्यात दुपारी घराबाहेर पडण्याची सोयच नसते. तेव्हा घरातच सूर्यनमस्कार, उठाबशा, जेवणानंतर अंगणात पंधरा मिनिटे फेऱ्या, हेही चालते. पण गावोगावी सकाळ-संध्याकाळ तासभर दिव्याखालची सुरक्षित मोकळी जागा ग्रामपंचायतीला देता येणार नाही, असे नाही.

आहार-व्यायाम म्हणजे औषधाला सुट्टी, असेही नव्हे. तीन महिने पाळी न आल्यास डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. पाळी फार काळ लांबत राहिली, तर गर्भाशयाचे अस्तर जाड होऊन पुढे धोका संभवतो. रक्तातील साखर तपासून घ्यावी आणि दिलेल्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. 'लग्न झाले की सगळे सुरळीत होईल' हा शेजारपाजारचा सल्ला तर सर्वांत घातक. लग्न हा या विकाराचा उपचार नाही. उपचार घेतल्यास बहुतेकींना मूलही होऊ शकते, त्यामुळे स्थळे येणार नाहीत या भीतीने आजार झाकून ठेवण्यात तोटाच आहे.

परभणीत कृषी विद्यापीठाचे सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे, तिथे पोषण हा शिकवण्याचा विषय आहे. आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आले आहे. या दोघांनी मिळून आठवड्यातला एक दिवस पीसीओएससाठी ठेवला आणि त्या दिवशी मुलीसोबत आईला, सासूला, जमले तर वडिलांना आणि नवऱ्यालाही बसवून ताटाचे गणित समजावले, तर खर्च फारसा येणार नाही. मुलीला पथ्य सांगणारे पुष्कळ आहेत. तिच्यासोबत ते पाळणारे घर मिळाले, तर चिठ्ठीवरची ती एक ओळ खऱ्या अर्थाने उपचार ठरेल.