कर्करुग्णाचे चंक्रमण आणि उपस्थाता

रुग्णालयात दाखल असलेल्या कर्करुग्णाचे नातेवाईक चिकित्सालयात वा औषधालयात येतात आणि ‘अंगात ताकद येईल असे काहीतरी द्या’ म्हणतात. बल्य द्रव्य दिले जाते. सोबत ‘पूर्ण विश्रांती असू द्या’ हा सल्लाही जातो. या सल्ल्याचा फेरविचार व्हावयास हवा, असे आमचे मत आहे.

अंथरुणाला खिळल्याने मांस किती वेगाने झडते, हे मोजले गेले आहे. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वृद्धांच्या पायांतील सुमारे एक किलो मांस केवळ 10 दिवसांच्या शय्येने घटले. येथे तर केमोथेरपी, अरुची आणि उलट्यांची भर असते. मागाहून हीच दुर्बलता रोगाच्या माथी मारली जाते. रोगमुक्तीच्या उद्देशाने उपचार चालू असता नियमित व्यायाम करावा, अशी शिफारस अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2022 मध्ये केली. थकवा कमी होणे हा त्याचा एक प्रमुख लाभ होय.

आमचे काही वैद्यबंधू यावर ग्रंथ पुढे करतील. वाग्भटाने वातपित्तरोगी, वृद्ध व अजीर्णी यांना व्यायाम वर्ज्य सांगितला आहे, अर्धशक्तीचे मापही बलवानासाठीच आहे. हे सर्व मान्य. परंतु सुश्रुताने चंक्रमण वेगळे सांगितले आहे. देहाला फार पीडा न देणारे चालणे बल आणि अग्नी वाढविते, असे तो म्हणतो. खाटेच्या कडेला बसणे, खुर्चीवरून चार वेळा उठणे, वॉर्डातून एक फेरी मारणे, हे चंक्रमणच नव्हे काय?

मग ते करवून कोणी घ्यावयाचे? फिजिओथेरपिस्ट दिवसातून एकदा येऊन जातो. रुग्णाला ताप कधी चढला, सलाईन कधी संपणार, उलटी थांबल्यावर तो केव्हा जरा सावरतो, हे परिचारिकेलाच ठाऊक असते. चतुष्पादांत चरकाने उपस्थात्याला वेगळे स्थान दिले आणि उपचारज्ञता, दक्षता, अनुराग व शौच हे त्याचे गुण सांगितले, ते उगाच नव्हे. सूचना वैद्याची, वेळ साधणे परिचारिकेचे. ताप, अतिशय घटलेल्या प्लेटलेट्स, हाडांत पसरलेला रोग अशा अवस्थांत निर्णय मात्र उपचार करणाऱ्या तज्ज्ञाचाच असावा.

अर्थात, एकाच परिचारिकेवर अख्खा वॉर्ड सोपवून वर हेही काम लादणे अन्यायाचे होईल. रुग्णालयांनी त्यासाठी मनुष्यबळ दिले पाहिजे, आणि नातेवाइकाला हात धरून चालविण्याची रीत परिचारिकेकडून शिकविली गेली पाहिजे.

औषधविक्रेत्या बंधूंना एवढेच सुचवावेसे वाटते की, पुडी बांधण्यापूर्वी ‘रुग्ण आज किती वेळा उठला?’ असे विचारावे. आणि त्या पुडीत काय आहे, ते कर्करोगतज्ज्ञाला दाखवूनच द्यावयास सांगावे.