खांद्यावर तारे, हातात काय?

सातारा भागातल्या एका शिबिरात मी नोकरदार बायकांच्या हक्कांवर बोलत होते. एका आईने विचारले, "ताई, पोर मिलिटरीत जायचं म्हणते. तिथं बाळंतपणाची रजा, पेन्शन असतं का?" शेजारीण ठसक्यात म्हणाली, "अगं, लेक कॅप्टन झाली तर सगळे सलाम ठोकतील. आणखी काय हवं?"

हे 'आणखी काय हवं' आपल्याला नवे नाही. घरात 'लक्ष्मी' म्हणायचे आणि सातबाऱ्यावर नाव लावायचे नाही. अंगणवाडीत 'सेविका' म्हणायचे आणि वेतनाऐवजी मानधन टेकवायचे. नाव मोठे द्यायचे, हक्क द्यायचा नाही! लष्करातही हीच रीत चालत आली.

लष्करी परिचर्या सेवेतल्या सेलिना जॉन यांचा हुद्दा लेफ्टनंट. १९८८ साली त्यांना नोकरीतून काढले. गुन्हा काय? लग्न केले! १९७७ च्या लष्करी आदेशात तशी तरतूदच होती, आणि तीही फक्त बायकांसाठी. तो आदेश १९९५ मध्ये मागे घेतला गेला. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना साठ लाख रुपये भरपाई द्यायला लावली, ती २०२४ मध्ये. छत्तीस वर्षांनी!

इतर शाखांत १९९२ पासून स्त्रिया अधिकारी म्हणून आल्या. आधी पाच वर्षांसाठी, मग मुदत वाढत चौदा वर्षांपर्यंत. अधिकाऱ्याच्या पेन्शनला लागतात वीस वर्षे. हिशेब तुम्हीच करा. लेफ्टनंटपासून लेफ्टनंट कर्नलपर्यंतची बढती नोकरीच्या वर्षांप्रमाणे मिळते, कर्नल मात्र निवडीने होतो. मुदतच संपली तर बाई त्या निवडीपर्यंत पोचणार कशी?

कायम कमिशनसाठी या स्त्रिया कोर्टात गेल्या. २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जिंकल्या, तर सरकार अपिलात गेले. तिथे एक कारण असे दिले की खेड्यातून आलेले जवान बाईचा हुकूम मानायला मनाने तयार नाहीत. म्हणजे बाईला डावलायचे, आणि खापर आमच्या शिबिरातल्या आयांच्या मुलग्यांवर फोडायचे! १७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. तरी २०२१ मध्ये पुन्हा दार ठोठवावे लागले. पुरुषांना तरुणपणी, नोकरीच्या पाचव्या-दहाव्या वर्षी लावलेले आरोग्याचे निकष चाळिशी ओलांडलेल्या बायकांना लावले गेले होते. न्यायालयाने त्याला भेदभावच म्हटले.

हे झाले अधिकाऱ्यांचे. शिपायाच्या पातळीवर २०२२ पासून अग्निवीर योजना आहे. लष्करी पोलिसांत मुलीही त्याच वाटेने जातात. नोकरी चार वर्षांची. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. पुढे ठेवणार फार तर चौथा हिस्सा. 'वीर' हे नाव मात्र पहिल्या दिवसापासून!

आपल्यातल्याच काही मैत्रिणी म्हणतात, सैन्य ही हिंसेची यंत्रणा, तिथे बायकांनी वाटा कशाला मागायचा? युद्धाबद्दलची त्यांची अस्वस्थता माझीही आहे. पण बाईने कुठे काम करावे हा वाद वेगळा आणि काम करणारीचा हक्क वेगळा. शिवाय सैनिकाला आपल्या मर्जीने युनियनही करता येत नाही. घटनेच्या ३३ व्या कलमाने संसदेला तसे निर्बंध घालण्याचा अधिकार दिला आहे. ज्यांना आतून संघटित होता येत नाही, त्यांच्यासाठी बाहेरच्यांनी बोलायचे नाही, तर कोणी बोलायचे?

त्या आईला मी सांगितले, लेकीला जरूर जाऊ द्या. बाळंतपणाच्या रजेत अधिकारी आणि शिपाई स्त्रियांमध्ये भेद होता. तो काढून टाकायला २०२३ साली सरकारने मंजुरी दिली. पण हुद्दा कोणता एवढेच विचारून थांबू नका. नोकरी किती वर्षांची, बढती कुठवर, पेन्शन आहे की नाही, हे सहीच्या आधी कागदावर वाचा.

मैत्रिणींनो, हे प्रश्न प्रत्येक शिबिरात विचारायला शिकवूया. सलामावर म्हातारपण निभत नाही.