दूध कमी आलं म्हणजे आई कमी पडली?

१ ते ७ ऑगस्ट, जागतिक स्तनपान सप्ताह. अंगणवाडीपासून ग्रामीण रुग्णालयापर्यंत फलक लागतात, 'आईचं दूध म्हणजे अमृत'. भाषणं होतात, आम्ही पत्रकार फोटोसकट बातमी छापतो. पण तो फलक वाचून जिच्या डोळ्यांत पाणी येतं, तिची बातमी होत नाही. जिचं दूध बाळाला पुरत नाही, ती.

तिचा घरात रोज पंचनामा. "आमच्या वेळी नव्हतं बाई असं." "आळिवाचे लाडू खात नसशील." "टेन्शन घेतेस, म्हणून आटलं." बाळ बघायला येणारा प्रत्येक जण एक सल्ला आणि एक टोमणा ठेवून जातो.

मंडळी, सिझेरियन झालं, बाळंतपणात रक्त जास्त गेलं, थायरॉइड असला, तर दूध उशिरा उतरू शकतं, कमीही येऊ शकतं. बाळ जितकं पितं तितकं दूध तयार होतं, हा साधा हिशोब. पण बाळ नीट तोंडात धरतच नसेल तर लाडू काय करणार? तिथं शेजारी बसून कसं धरायचं ते दाखवणारं माणूस लागतं. आणि रडतंय म्हणजे उपाशीच, असंही नाही. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसातून सहा-सात वेळा शू करतंय, वजन वाढतंय, तर बहुधा दूध पुरतंय.

स्तनपानासाठी सरकारचा 'माँ' कार्यक्रम २०१६ पासून आहे. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजाही आहे. पण ऊसतोडीला, वीटभट्टीवर जाणाऱ्या बाईला कुठली रजा? बाळ घरी, आई फडात. मग दूध आटलं की दोष तिचाच!

डब्याच्या दुधाच्या जाहिरातीवर १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, ती योग्यच. पण तो कायदा कंपन्यांना आवरण्यासाठी आहे, आईला गुन्हेगार ठरवण्यासाठी नाही. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून वरचं दूध दिलं, तर त्यात पाप नाही. फक्त डबा पुरवायला पावडर कमी टाकू नका.

माझं म्हणणं एवढंच. यंदा एक फलक कमी लावा, पण बाळंतिणींच्या वॉर्डात ही मदत करणारी प्रशिक्षित नर्स द्या. आणि नवरेमंडळी, रात्री बाळाला ढेकर काढायला तुम्ही उठा. सल्ले देणाऱ्यांना दारातच थांबवा. तुमच्या घरातली ती बाई आधीच स्वतःला पुरेसं बोलून बसलेली असते.