आत घेतलेल्यांना शिकू द्या

१७ नोव्हेंबर हा आंतरराष्ट्रीय विद्यार्थी दिन. १९३९ साली याच दिवशी नाझींनी प्रागमध्ये नऊ जणांना खटल्याविना ठार केले, बाराशेहून अधिक विद्यार्थ्यांना छळछावणीत धाडले आणि चेक विद्यापीठांना टाळे ठोकले. दोन वर्षांनी लंडनमध्ये जमलेल्या निरनिराळ्या देशांच्या विद्यार्थ्यांनी हा दिवस पाळायचे ठरवले. त्यांतले कित्येक परागंदा होते. परक्या भूमीवर शिकायला जागा मिळण्याचे मोल त्यांना ठाऊक होते.

अमेरिकेत आज त्याच जागेचा भरवसा उरलेला नाही. २०२३-२४ मध्ये तिथे ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. २००९ नंतर प्रथमच आपण चीनला मागे टाकले होते. २०२५ च्या एप्रिलमध्ये हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदी एकाएकी रद्द झाल्या. काहींच्या बाबतीत कारण होते जुना वाहतुकीचा दंड किंवा केव्हाच निकालात निघालेला खटला. विद्यार्थी कोर्टात गेले, तेव्हा सरकारने नोंदी पूर्ववत केल्या. २७ मे रोजी व्हिसाच्या मुलाखतींसाठी नव्या वेळा देणेच थांबले आणि १८ जूनला पुन्हा सुरू करताना समाजमाध्यमांवरची खाती सर्वांसाठी खुली करण्याची अट आली. ऑगस्टमध्ये तर, अभ्यासक्रम चालेल तोवर राहण्याची आजवरची मुभा काढून जास्तीत जास्त चार वर्षांची मुदत घालण्याचा प्रस्ताव मांडला गेला. पीएचडीला पाच-सहा वर्षे लागतात, हे काय तिथल्या अधिकाऱ्यांना माहीत नसेल?

मे-जून हे दिवस कोणते? ऑगस्टच्या प्रवेशासाठी विद्यापीठाने दिलेला आय-२० हा दाखला हाती आलेला असतो, विद्यार्थी-नोंदणीचे ३५० डॉलरचे सेव्हिस शुल्क भरून झालेले असते, बँकेने घराच्या तारणावर कर्ज मंजूर केलेले असते आणि वडील सहकर्जदार म्हणून सह्या करून बसलेले असतात. मुलगी रात्री-अपरात्री संकेतस्थळ उघडून मुलाखतीचा स्लॉट दिसतोय का ते पाहत असते. तो मिळालाच तर मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीच्या खिडकीपुढे दोन-तीन मिनिटांत निकाल लागतो. अर्जदार कायमचा राहायलाच आला आहे असे कायदा गृहीत धरतो. तसे नाही हे सिद्ध करायचे तिने. नकार मिळाला तर हाती त्याच कायद्याच्या कलम २१४(ब) चा छापील कागद येतो. नेमके काय कमी पडले, ते त्यावर नसते.

कोणाला आत घ्यायचे, हा प्रत्येक देशाचा हक्क आहे, आणि कडक नियमांबद्दल आमची तक्रार नाही. कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये नव्या परवान्यांवर मर्यादा घालून संख्या सुमारे ३५ टक्क्यांनी खाली आणायचे ठरवले. घरांची टंचाई खरी होती, आणि परदेशी मुलांच्या फीवर पोसलेली महाविद्यालयेही खरी होती. बनावट प्रवेशपत्रे खपवणारे आपल्याकडचे एजंटही काही काल्पनिक नव्हेत. पण आधीच शिकत असलेल्यांची मुदतवाढ त्या मर्यादेबाहेर ठेवली गेली. कठोर राहूनही एवढे करता येते.

अभ्यास अर्ध्यावर तुटण्याची किंमत महाराष्ट्राला माहीत आहे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली डॉ. आंबेडकरांना लंडनचे शिक्षण सोडून परतावे लागले. लंडन विद्यापीठाने मात्र चार वर्षांच्या आत परत येण्याची सवलत दिली. त्या सवलतीवर १९२० साली ते पुन्हा गेले आणि १९२३ मध्ये डीएस्सी झाले. दार उघडे ठेवणारे कोणी होते म्हणून हे घडले.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. नवे नियम नव्या अर्जदारांना लावा. जे आत आहेत त्यांना घेतले त्या अटींवर शिक्षण पुरे करू द्या. नकार द्याल तर दोन ओळींचे कारण द्या. आणि दिल्लीने वॉशिंग्टनशी आयातशुल्कावर बोलताना या मुलांचा प्रश्न त्याच टेबलावर, त्याच आग्रहाने मांडावा. गहाण पडलेली घरे इथली आहेत.